केटल रनचा मापाडी

टॅनर्सबर्गच्या लुथेरन चर्चमध्ये रविवारी वरच्या मजल्यावर देवाची उपासना होई आणि शनिवारी तळघरात आगगाड्यांची. दोहोंपैकी अधिक कर्मठ उपासना कोणती, असा प्रश्न कुणी विचारला असता तर डेल्बर्ट कूनलीने क्षणाचाही विलंब न लावता बोट खाली दाखवले असते. वरच्या मंडळींना पापाची क्षमा होती. खाली, निदान डेल्बर्टच्या अखत्यारीत, ती नव्हती.

त्या तळघरात भिंतींच्या कडेने कंबरेइतक्या उंचीवर एक प्रदेश पसरला होता. डोंगर, बोगदे, पूल, कोळशाच्या खाणी, गिरण्या, स्थानके, सर्व काही खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढे. टॅनर्सबर्ग लघुरेल्वे मंडळाचे दहा-बारा निवृत्त गृहस्थ दर शनिवारी तेथे जमत, चट्ट्यापट्ट्यांच्या टोप्या घालत, कॉफीचे पेले हाती घेत आणि हातभर लांबीच्या गाड्या गंभीर चेहऱ्याने इकडून तिकडे नेत. या प्रदेशात काळ थांबवलेला होता. तेथे सदैव १९५३ सालचा ऑक्टोबर असे. त्यानंतर रंगवलेला डबा, त्यानंतर निघालेली मोटार, फार काय, त्यानंतर बाजारात आलेल्या शीतपेयाची पाटीसुद्धा तेथे निषिद्ध होती, आणि तो निषेध पाळला जातो की नाही हे पाहण्याचा अधिकार डेल्बर्टकडे होता. अधिकार त्याला कुणी दिला हे आता कुणालाच आठवत नव्हते. ज्या समाजात कुणालाही काम नको असते तेथे अधिकार मागावा लागत नाही, उचलावा लागतो.

नोकरीच्या काळात डेल्बर्ट पेनसिल्वेनिया राज्याचा वजनमापे-निरीक्षक होता. खाटकांचे काटे आणि पेट्रोलचे पंप तपासण्यात त्याचे आयुष्य गेले. मनुष्य मुळात लबाड असतो आणि जेथे तो लबाड नसतो तेथे गबाळा असतो, हा सिद्धान्त त्याने त्या काळात मांडला आणि निवृत्तीनंतर तो सिद्ध करण्यासाठी तो मंडळात आला. सिद्धीला फार दूर जावे लागले नाही. वेंडेल क्रॉयझर नावाचा निवृत्त टपालवाला झाडे करीत असे. डेल्बर्टच्या मते ती झाडे नसून हिरव्या रंगात बुडवलेली फुलकोबी होती. अध्यक्ष ऑरविल होस्टेटर हा दंतवैद्य. त्याने दवाखान्यातल्या उरलेल्या प्लास्टरने डोंगर उभारले होते, आणि खरोखरच, सवय हातातून जात नाही. त्या पर्वतराजीला अक्कलदाढांची कळा आली होती. इतक्यावर न थांबता त्याने एका बोगद्याच्या तोंडाशी अंगठ्याएवढा हिरवा डायनोसॉर बसवला होता.

"मुलांना शोधायला मजा येते रे," ऑरविल म्हणे.

"त्रेपन्न साली पेनसिल्वेनियात डायनोसॉर होते का, डॉक्टर?"

"एखादा राहिला असेल चुकून. तू अजून आहेसच की."

सगळे हसत. डेल्बर्ट हसत नसे. विनोद हे चुकीच्या मापाचे समर्थन आहे, असे त्याचे मत होते.

मंडळाची एक रीत होती. नवा डबा रुळावर चढण्यापूर्वी डेल्बर्टच्या टेबलावर यायचा. तो चाकांमधले अंतर पितळी पट्टीने पाही, डबे जोडणाऱ्या आकड्याची उंची पाही, वजन करी, मग भिंग लावून रंग, अक्षरे आणि साल पाही. डबा उतरला तर काही न बोलता परत देई. नाही उतरला तर त्यावर लाल चिकटपट्टी लावी आणि तेव्हा मात्र बोले. वेंडेलचा एक दूधवाहू डबा त्याने चार वेळा परत धाडला होता, कारण त्याच्या टपावर चालण्यासाठी असलेल्या फळीला एक खिळा कमी होता.

"तो खिळा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, बाबा!" वेंडेल कळवळून म्हणाला.

"मला दिसतो."

"मग तू दुसरीकडे बघ ना. एवढं मोठं तळघर आहे."

वेंडेलने सहज उच्चारलेला हा उपाय डेल्बर्टला खरे म्हणजे अवगत होता. जे आपल्या मानदंडात बसत नाही त्याकडे न पाहण्याची विद्या त्याने परिश्रमाने संपादन केली होती. ती त्याला पुढे कोठे घेऊन गेली ते येथे सांगायचे आहे.

दाराजवळच्या कोपऱ्यात त्याचे स्वतःचे गाव होते. केटल रन. एक स्थानक, एक पिठाची गिरणी, कोळशाचा उतार, एक चर्च आणि आठ-दहा घरे. हे गाव एके काळी डोंगराआड खरोखर होते. पुढे त्यावर धरण बांधले गेले आणि घरेदारे, रूळ, स्थानक, सगळे पाण्याखाली गेले. रेल्वे कंपनी बुडाली, तिचे नकाशे कुणीतरी बंबात घातले. उरले होते एकच छायाचित्र, डेल्बर्टला कुण्या मृत माणसाच्या घरसामानाच्या विक्रीत मिळालेले. त्या एका चित्रावरून त्याने अठरा-एकोणीस वर्षे खपून ते गाव पुन्हा उभे केले होते. स्थानकाच्या भिंतीवरची प्रत्येक फळी वेगळी कापलेली. गिरणीच्या छपरावरचा गंज खऱ्या गंजाच्या भुकटीचा. फक्त माणसे नव्हती. बाजारात मिळणाऱ्या माणसांचे चेहरे नीट रंगवलेले नसतात, म्हणून त्याने एकही माणूस गावात येऊ दिला नव्हता.

"तुला ते गाव का आवडतं सांगू?" त्याची बायको व्हर्ना म्हणे. "तिथं कुणी राहत नाही म्हणून."

परंतु, न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की गाव अप्रतिम होते. डेल्बर्टचा मनापासून तिरस्कार करणारेही जाता येता तेथे थबकत. एखाद्या तुसड्या, माणूसघाण्या पुजाऱ्याच्या हातून देवाची पूजा मात्र निर्दोष व्हावी, तसे ते होते.

त्या वसंतात गावावर दुसऱ्यांदा जलप्रलय यायची वेळ आली. मंडळात नवे कुणी येईना. जुने एकेक करून चर्चच्या मागल्या अंगणातल्या थडग्यांकडे निघाले होते. तेव्हा ऑरविलने प्रस्ताव मांडला: दाराजवळचा कोपरा मोकळा करावा आणि तेथे मुलांसाठी एक साधे वर्तुळ मांडावे, कळ दाबली की गाडी धावेल, शिटी वाजेल, मुले येतील, मुलांमागून बाप येतील. दाराजवळचा कोपरा म्हणजे केटल रन. वार्षिक सभेत निर्णय व्हायचा होता.

सभेच्या सकाळी व्हर्नाने तव्यावर स्क्रॅपलचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वडीचे, काप खरपूस परतून पुढे ठेवले. डेल्बर्टने ते तसेच राहू दिले. टेबलावर ती चौकट होती, तीत ते छायाचित्र.

"हे कशाला घेऊन चाललास?"

"पुरावा. त्यांना दाखवतो. त्या सगळ्या पसाऱ्यात सत्य असलेली एवढी एकच वस्तू आहे, आणि तीच काढायला निघालेत. प्लास्टरच्या दाढा ठेवणार, फुलकोबी ठेवणार!"

"डेल, ते लोक तुझं गाव काढत नाहीयेत. तुला काढतायत."

"एकच गोष्ट आहे ती."

"तेच म्हणतेय मी," व्हर्ना म्हणाली आणि त्याच्या ताटलीतला काप स्वतः खाऊ लागली. त्या स्त्रीने त्याच्याबरोबर चाळीसहून अधिक वर्षे काढली होती. तिला सहानुभूती दाखवायची कुठे आणि भूक भागवायची कुठे हे नेमके कळत असे.

सभा सुरू झाली. वेंडेलच्या बायकोने शूफ्लाय पाय नावाचा काकवीचा गोड पदार्थ भाजून धाडला होता आणि सभासदांचे निम्मे लक्ष त्याकडे होते. डेल्बर्ट उभा राहिला. तो तयारी करून आला होता, आणि तयारीने आलेला तुच्छतावादी हा फार लांबण लावतो. त्याने एकेकाचे माप काढले. कुणाचा पूल कोणत्या वजनाखाली मोडला असता, कुणाचे डबे कोणत्या साली कोणत्या रंगात नव्हतेच, कुणाची नदी चढावर वाहते. लोक ऐकत राहिले, जसे लोक छपरावरचा पाऊस ऐकतात.

"आणि आता हे पाहा," तो शेवटी म्हणाला. "केटल रनमधली एकही वस्तू माझ्या मनची नाही. जे होतं, जिथं होतं, तिथं ठेवलंय. तुम्हाला पोरांची जत्रा हवी असेल तर भरवा. पण खरं गाव मोडून भरवू नका."

चौकट हातोहात फिरली. बहुतेकांनी तिच्याकडे पाहिल्यासारखे केले. ऑरविलच्या हाती आल्यावर तो मात्र थांबला. चित्राच्या डाव्या बाजूला, फलाटाशी, काचेवर काळ्या कागदाचा एक तुकडा चिकटवलेला होता.

"हे काय रे, डेल? इथं काय झाकलंयस?"

"काही नाही. एक इंजिन आहे. चित्र जुनं आहे, एकोणीसशे तीसच्या सुमाराचं. ते भंगार त्रेपन्नच्या फार आधी मोडीत गेलं. आपल्या काळात बसत नाही, म्हणून झाकलं. नजरेला खुपत होतं."

"इंजिन आहे आणि झाकून ठेवलंयस?" ऑरविलच्या स्वरात खरेखुरे दुःख होते. हा माणूस डोंगर वाईट करीत असे, रूळ वाकडे टाकीत असे, रुळावरून घसरलेली गाडी सर्वांदेखत हाताने उचलून ठेवीत असे. पण जुनी इंजिने त्याला लहान मुलासारखी आवडत. त्याने नखाने कागदाची कड उचलली. दंतवैद्याचे नख; कागद अलगद निघाला.

"अहाहा," तो म्हणाला. "म्हातारीला बघा. काय गोड आहे!"

मग त्याने चौकट डोळ्यांजवळ नेली.

डेल्बर्ट त्याच्या खांद्यावरून पाहत होता. इतक्या वर्षांत त्या इंजिनाकडे तो प्रथमच नीट पाहत होता. ठेंगणे, काजळलेले, क्षुद्र यंत्र. केबिनवरचे आकडे वाफेत बुडालेले; चित्रात दुसरे एकही अक्षर वाचता येण्याजोगे नव्हते. तोंड डावीकडे. म्हणजे आपल्याला दिसते ती त्याची डावी बाजू, जेथे भट्टीत कोळसा टाकणारा बसतो. चालक उजव्या अंगाला बसतो, आणि इंजिन पुढे-मागे करण्याचा त्याचा जो दांडा, त्यापासून निघणारा लांब लोखंडी गज उजव्या अंगानेच बॉयलरच्या कडेने पुढे जातो. डाव्या अंगाला तो नसतो. आगगाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आपले हृदय कोणत्या बाजूला आहे हे जसे सांगावे लागत नाही.

आणि तो गज तेथे होता. डावीकडे तोंड केलेल्या इंजिनाच्या दर्शनी अंगावर, स्वच्छ, सरळ, उन्हात चकाकत.

कुणा छापणाऱ्याने कधी काळी फिल्म पालथी ठेवून चित्र छापले होते. चित्र आरशातले होते. स्थानक रुळांच्या ज्या बाजूला दिसत होते त्या बाजूला ते कधीच नव्हते. गिरणी नव्हती, चर्च नव्हते, कोळशाचा उतार त्या दिशेने उतरत नव्हता. अठरा-एकोणीस वर्षे फळीफळी कापून डेल्बर्टने जे गाव उभे केले होते ते पृथ्वीवर कोठेही, केव्हाही नव्हते. आणि हे सांगणारा एकमेव साक्षीदार त्याने स्वतःच्या हाताने, नजरेला खुपतो म्हणून, काळ्या कागदाखाली गाडला होता.

ऑरविलने मान वर केली. दोघांची नजर भेटली. मग त्या स्थूल, आनंदी, गबाळ्या मनुष्याने कागदाचा तुकडा पुन्हा जागेवर ठेवला आणि अंगठ्याने दाबून बसवला.

"मतदान नको," तो सभेकडे वळून म्हणाला. "मी प्रस्ताव मागे घेतो. गाव राहू दे."

"अरे डॉक्टर, प्रस्ताव तुझाच ना?" वेंडेल ओरडला. "महिनाभर डोकं खाल्लंस आमचं!"

"हो. पण राहू दे. सुंदर आहे ते. मुलांचं बघू कुठंतरी."

सुंदर! डेल्बर्टच्या कानशिलात कुणी मारावी तसा तो शब्द आला. सुंदर तर बाजारातल्या कपबशीवरचे गुलाबही असतात. आपले गाव सुंदर आहे म्हणून राहावे, असे त्याने आयुष्यात कधी म्हटले नव्हते. ते खरे आहे म्हणून राहावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. आता ते राहणार होते, परंतु अंगठ्याएवढ्या हिरव्या डायनोसॉरच्या शेजारी, त्याच पंक्तीत, त्याच कारणासाठी: कुणाला तरी पाहून बरे वाटते म्हणून. ऑरविलने चूक जाहीर केली असती तर डेल्बर्ट तुटून पडला असता. अपवाद काढले असते, असल्या गजाची डावी इंजिनेही कुठे तरी असतील म्हणून वाद घातला असता, त्या दाढांचे डोंगर करणाऱ्याला शास्त्र कळते का म्हणून विचारले असते. आरोपाला उत्तर असते. दयेला नसते. आणि ही दया कुणाची, तर ज्याला त्याने जन्मभर फुटक्या मापाचा माणूस मानले त्याची.

त्याने चौकट ओढून घेतली आणि कागद फाडून काढला.

"चित्र उलटं आहे," तो म्हणाला.

कुणाला नीट ऐकू गेले नाही.

"चित्र उलटं छापलंय! गज बघा, गज. ही उजवी बाजू आहे. स्थानक पलीकडच्या अंगाला होतं. सगळंच पलीकडच्या अंगाला होतं. केटल रन चूक आहे. पूर्ण चूक." त्याने बोट ऑरविलकडे वळवले. "डॉक्टरने ओळखलं आणि गप्प बसला."

 डेल्बर्ट मान ताठ करून उभा राहिला. आता जे काय हसतील, जे काय बोलतील, ते त्याला मान्य होते. किंबहुना हवे होते. एका अधर्माला शासन व्हावे आणि निदान त्या शासनाने धर्म होता एवढे सिद्ध व्हावे, अशी ती घटका होती.

वेंडेलने डोके खाजवले. "म्हणजे स्टेशन डावीकडे हवं होतं?"

"उजवीकडे! म्हणजे, हो, इकडून पाहिलं तर... हो."

"बरं. आणि मग?"

"आणि मग काय? चूक आहे!"

"असेल बाबा. गाडी एका टोकानं आत शिरते, दुसऱ्या टोकानं बाहेर पडते. तिला काय उजवं आणि काय डावं? मी तर इतकी वर्षं समजत होतो की ते गाव तू मनानंच केलंयस."

"मनानं?"

"हो, म्हणजे छान केलंयस. वाईट म्हणत नाही मी. ए, तो काकवीचा पाय कापायचा का आता?"

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी, केवळ इतिवृत्तात काहीतरी लिहिले जावे म्हणून, गाव राहावे असे सुचवले. हात वर झाले, काहींच्या हातात काटे होते. गाव सर्वानुमते राहिले. डेल्बर्टच्या डाव्या-उजव्याचा विषय त्यांच्या मनातून काकवीच्या पहिल्या घासासरशी निघून गेला. त्याला त्या क्षणी जे कळले ते त्याच्या वैऱ्यालाही कळू नये. त्याचे मानदंड त्यांनी कधी नाकारले नव्हते. नाकारण्यासाठी आधी ऐकावे लागते. तो खिळे मोजत होता आणि ते, एखाद्या घरातल्या चिडक्या म्हाताऱ्याचे ऐकून घ्यावे तसे, "हो हो" म्हणत होते. या क्षुद्र जनांविषयी त्याला जी तुच्छता वाटे ती पूर्वीही थोडी नव्हती. आता तिला पाया मिळाला. आणि, ही गोष्ट त्याच्या बाजूने नमूद करावी लागते, त्या पायातला पहिला दगड म्हणून त्याने स्वतःलाच ठेवले.

कॉफीच्या भांड्यापाशी ऑरविल त्याच्याजवळ आला. "डेल, मी कुणाला बोललो नसतो रे."

"ठाऊक आहे. म्हणून तर मला बोलावं लागलं."

पुढच्या शनिवारी मंडळी जमली तेव्हा डेल्बर्ट आधीच आलेला होता. त्याने कोट काढून ठेवला होता आणि हातात लाकूड कापायची करवत होती. स्थानक, गिरणी, चर्च सारे उखडून टोपलीत टाकलेले होते. ती घरे फिरवून लावता आली नसती. प्रत्येकाची ओसरी, प्रत्येकाचा जिना चुकीच्या हाताला होता. कोपऱ्याची फळी अर्धी कापून झाली होती आणि प्लास्टरची धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती.

"अरे, अरे, काय करतोयस?" ऑरविल धावला. "राहू दे म्हणून ठरलंय ना?"

"तुम्ही ठरवलंत. तुमचा काय संबंध?"

"इतक्या वर्षांचं काम! तू वेडा आहेस का?"

"डॉक्टर, किडलेली दाढ छान दिसते म्हणून ठेवलीस का कधी कुणाची?"

  ऑरविलने बाह्या सरसावल्या आणि फळीचे लोंबते टोक खालून तोलून धरले.

"इथं काय करायचं मग? मोकळं ठेवायचं?"

"तुझी पोरं आण. कळा बसव, शिट्ट्या वाजव. पण रूळ मी टाकणार. तुझ्या हातचे रूळ म्हणजे कुत्र्यानं चावलेला पट्टा."

"आणि केटल रन?"

"घरी. तळघरात. व्हर्नाला विचारलंय. ती म्हणाली, सुलट कर नाहीतर उलट कर, पण कपडे धुण्याच्या यंत्राला धक्का लावू नकोस." त्याने करवत पुन्हा फळीला लावली. "नीट धर. असं नाही. तळव्यानं धर, तळव्यानं! जन्मभर लोकांच्या तोंडात हात घातलेस, एक फळी धरता येत नाही तुला?"

करवत खर्र खर्र चालू लागली. टपालवाला वेंडेल कॉफी पीत लांबून पाहत होता; मदतीला येण्याइतका तो मूर्ख नव्हता. अखेर फळी तुटून ऑरविलच्या हातांवर आली आणि त्याच्या छातीभर गवत, खडी आणि खऱ्या गंजाची भुकटी सांडली. डेल्बर्टने खिशातून काटकोन तपासायचा गुण्या काढला, उरलेल्या कापल्या कडेला लावला, डोळा बारीक करून पाहिले.

"वाकडं," तो म्हणाला. "हलवलंस तू."